यात्रेतला जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन: मुलाबाळांसह जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या यात्रेला जावं?

आधी मुलांना काय दाखवायचं ते ठरवा, मग गाव ठरतं. खिलार बैल बघायचे असतील तर सातारा जिल्ह्यातलं पुसेगाव (ता. खटाव) किंवा सांगली जिल्ह्यातलं खरसुंडी (ता. आटपाडी). पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात भरते, मार्गशीर्ष वद्य दशमीला रथ निघतो. बैलबाजाराबरोबर तिथे कृषी प्रदर्शनही असतं. खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषातली यात्रा खिलार जनावरांसाठी नावाजलेली आहे. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव (ता. लोहा) आहे. खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास भरते. लाल कंधारी आणि देवणी गुरं, घोडे, गाढवं, उंट असं सगळं एकाच माळावर बघायला मिळतं. घोड्यांसाठी तापीकाठचं सारंगखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार), तिथली यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. गाढवांचा बाजार जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर) रंगपंचमीच्या सुमारास भरतो. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला जनावरांचा बाजार वाखरीच्या तळावर असतो. अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं.

पण पहिल्यांदाच जाणार असाल आणि मूल पाच-सहा वर्षांचं असेल, तर ही मोठी नावं बाजूला ठेवा. तालुक्याच्या गावची किंवा जवळच्या बाजारपेठेची लहान यात्रा निवडा. शे-दोनशे जनावरं, वीस-पंचवीस दुकानं, दोन पाळणे, एवढंच असतं. तिथे जनावराचा मालक तुमच्या मुलाशी पाच मिनिटं बोलतो. मोठ्या यात्रेत मुख्य दिवशी त्याला तेवढी उसंत नसते.

तारीख दरवर्षी का बदलते? आधीच रजा टाकायची तर कसं करावं?

यात्रा तिथीवर भरते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. दत्तजयंती २०२३ साली २६ डिसेंबरला होती, २०२४ साली १४ डिसेंबरला आणि २०२५ साली ४ डिसेंबरला. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. पंचांगात तिथी बघा आणि मग त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा देवस्थानात एकदा फोन करून विचारा. विचारताना प्रश्न नेमका ठेवा: "जनावरं कधी उतरतात आणि कधी हलतात?" कारण देवाचा मुख्य दिवस आणि बाजाराचा भर एकाच दिवशी असतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी जनावरं आधी उतरतात आणि मुख्य दिवस उलटायच्या आत चांगला माल विकून गेलेला असतो. रथाच्या किंवा पालखीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन जाणं टाळा. त्या दिवशी गर्दीत फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

किती वाजता पोहोचावं?

सकाळी साडेसात ते आठ. या वेळी जनावरांना वैरण टाकलेली असते, पाणी पाजणं चालू असतं, खरारा होतो, झुली चढतात आणि सौदेही याच सुमाराला रंगात येतात. अकरा वाजले की ऊन तापतं. डिसेंबरातही माळावर सावली नसते. जनावरं बसतात, मालक जेवायला जातात आणि मुलं कुरकुरायला लागतात.

दिवस असा आखा: आठ ते साडेदहा जनावरं, मग न्याहारी, साडेअकरा ते एक अवजारं आणि बियाण्यांची दुकानं, जेवण, तासभर झाडाखाली विसावा, आणि शेवटी खेळणी, पाळणा, खरेदी. पाळणा सकाळी दाखवलात की बैल बघायला कोणी येत नाही. खरेदी शेवटी, नाहीतर चार तास ओझं वाहावं लागतं.

एसटीने जावं की स्वतःच्या गाडीने?

मोठ्या यात्रेला एसटी सोयीची. जवळच्या आगारांतून जादा गाड्या सुटतात आणि त्या तळाच्या जवळ सोडतात. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते वाहतूक नियंत्रकाला विचारा आणि तिच्या आधीची गाडी धरा. शेवटच्या गाडीत मुलांना घेऊन चढणं फार कठीण जातं.

स्वतःची गाडी नेणार असाल तर वाहनतळ म्हणजे पीक निघालेलं रान असतं. आत शिरतानाच गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून लावा. काळ्या रानात अवकाळी पावसाची एक सर आली तरी चाक रुततं, म्हणून आभाळ भरलेलं असेल तर मुरमाड जागा शोधा, थोडं चालावं लागलं तरी चालेल. गाडीच्या आजूबाजूची खूण, विजेचा खांब, बाभळीचं झाड, काय असेल ते फोटोत टिपून ठेवा.

परतताना अंधार पडू देऊ नका. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात यात्रांचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकच. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे परावर्तक पट्टीसुद्धा नसते. थंडीत पहाटे धुकं असेल तर जातानाही हाच धोका. साडेचारला निघालात तर बरंच अंतर उजेडात कापलं जातं.

बरोबर काय न्यावं?

पाणी माणशी किमान दोन लिटर. बंद बूट, कारण शेण, खुंटे, दगड आणि खूर या चारही गोष्टींपुढे चप्पल निरुपयोगी. टोपी, सकाळच्या गारठ्यासाठी स्वेटर, धुळीसाठी सुती रुमाल. साबणाची वडी, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, शेणाने माखलेल्या हातावर ते काम करत नाही. जुनी चादर बसायला. दोन गोणपाटं, एक रोपांसाठी आणि एक चिखलाच्या बुटांसाठी. दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा पुरेशा घ्या. मोबाइलवरून पैसे घेणारे आता पुष्कळ आहेत, पण गर्दी वाढली की रेंज जाते आणि पैसे मध्येच अडकतात.

मुलांना भडक, फडफडणारे कपडे, लांब ओढण्या आणि लोंबणारे दागिने नकोत. फुगा आणि पिपाणी जनावरांच्या तळावर अजिबात नेऊ नका. फुगा फुटला की दावणीतली वीस जनावरं एकदम उसळतात. छत्री उघडायची असेल तर जनावरांपासून लांब जाऊन उघडा.

किती लहान मुलाला न्यावं?

वर्षाच्या आतल्या बाळाला धूळ, कर्णे आणि ऊन झेपत नाही, घरी ठेवणं उत्तम. दोन-तीन वर्षांचं मूल कडेवर किंवा पाठीवर बांधून नेता येतं. बाबागाडी मात्र माळावर चालत नाही. सहा ते बारा हे वय सगळ्यांत चांगलं, कारण या वयात प्रश्न संपत नाहीत. दम्याचा त्रास असलेल्या मुलाचं औषध खिशात ठेवा, गाडीत नको. आजी-आजोबांना घेऊन जायचं तर घडीची खुर्ची न्या. आजोबांनी शेती केलेली असेल तर माहिती सांगायला दुसऱ्या कोणाची गरजच नाही, मुलांना त्यांच्यामागे चालू द्या.

जनावराजवळ कसं जायचं?

यात्रेतलं जनावर तुमच्या गोठ्यातलं नसतं. ते लांबून टेम्पोत उभं राहून आलंय, जागा नवी, शेजारी अनोळखी बैल, वर कर्ण्यांचा आवाज. घरी गरीब असणारं जनावरसुद्धा इथे बुजतं.

गाईबैलांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त अगदी पाठीमागचा थोडा भाग आणि नाकासमोरचा चिंचोळा पट्टा दिसत नाही. म्हणून मागून कधीच जाऊ नका. समोरून, थोडं बाजूने, खांद्याच्या रोखाने चालत या. आधी मालकाशी बोला, म्हणजे जनावरालाही तुमचा आवाज कळतो. मालक "या" म्हणाला की हात खांद्यावर किंवा मानेखालच्या पोळीवर, म्हणजे लोंबत्या कातडीवर ठेवा. थेट तोंडावर, शिंगांवर किंवा कपाळावर हात नेऊ नका. कपाळ चोळलं की ते ढुशीचं आमंत्रण समजतं, विशेषतः खोंड, म्हणजे तरुण बैल.

गाय-बैल लाथ बाजूला, अर्धगोल फिरवून मारतात. म्हणजे मागच्या पायाच्या बाजूला उभं राहिलं तरी लागते. घोडा आणि गाढव सरळ मागे झाडतात, त्यांच्या मागून जायचंच तर तीन मीटर अंतर सोडा. वासरू असलेल्या गाईच्या आणि तिच्या वासराच्या मध्ये शिरू नका. दोन दावणींच्या मधल्या बोळातून मुलांना पळू देऊ नका, आणि दावं ओलांडू नका. जनावराने मान उचलली की सैल दावं ताठ होतं आणि पायात अडकतं.

कान मागे पडले, शेपूट जोरात आपटायला लागली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, पुढच्या पायाने माती उकरली, की मागे सरका. पळू नका, पाठ फिरवू नका, हळूहळू मागे या.

मुलांना जाती ओळखायला कशा शिकवाव्यात?

आधी शिंगं, मग रंग, मग अंगलट. खिलार पांढरा किंवा करडा, अंगाने सडपातळ आणि चपळ, शिंगं लांब, मागे जाऊन वर उठणारी, धनुष्याची जोडी ठेवल्यासारखी. देवणी अंगाने भरीव, कान लोंबते. तिच्यात तीन प्रकार सांगतात: पांढऱ्या अंगाला काळसर तोंड तो वानेरा, अंगभर काळे पांढरे ठिपके-पट्टे तो शेवेरा, आणि जवळजवळ पांढरा तो बालंक्या. मुलांना हे खूप आवडतं, तिन्ही शोधायला लावा. लाल कंधारी नावाप्रमाणे गडद लाल. डांगी काळ्या-पांढऱ्या ठिगळांची, तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे अकोले-इगतपुरीच्या धो धो पावसात ती टिकते. अंगावरून हात फिरवला तर तेलकटपणा बोटांना लागतो.

म्हशींत पंढरपुरी चटकन ओळखू येते. तिची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्याच्याही पलीकडे जातात. शेळ्यांत काळी, उंच उस्मानाबादी, जिला जुळी करडं होण्याचं प्रमाण चांगलं आहे. मेंढ्यांत जत भागातली माडग्याळ. तिचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार आणि अंगावर तपकिरी ठिगळं असतात.

एक वही न्या. प्रत्येक जनावरासाठी चार गोष्टी लिहायला सांगा: जात, गाव, दात, नाव. नाव विचारायला विसरू नका. मालक नाव सांगताना जनावराबद्दल आणखी चार गोष्टी सांगून जातो.

दात बघून वय कसं कळतं? मुलांना दाखवता येईल का?

येईल, पण तोंड मालकाने उघडायचं, तुम्ही नाही. गाईबैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वरच्या बाजूला दातांऐवजी टणक हिरडी असते. दुधाचे दात बारीक आणि पांढरेशुभ्र, कायमचे दात रुंद आणि फावड्यासारखे. कायमचे दात मधल्या जोडीपासून बाहेरच्या बाजूला, दोन-दोन करून येतात. एकही कायमचा दात नाही तो आदत. दोन आले की दुसा, वय साधारण दोन ते अडीच वर्षं. चार आले की चौसा, तीनच्या आसपास. सहा दात साडेतीन ते चार वर्षांना. आठही आले की जनावर जुळलं, म्हणजे साडेचार-पाच वर्षांचं झालं. चारा, जात आणि संगोपन यांनी यात काही महिन्यांचा फरक पडतो. त्यानंतर वय दातांच्या झिजेवरून ताडतात, आणि तिथे अनुभवी नजरच लागते.

प्रदर्शनातल्या स्पर्धाही याच गटांत होतात. फलकावर "आदत खोंड", "दुसा", "चौसा", "जुळीक" असं लिहिलेलं असेल तर आता मुलांना ते वाचता येईल.

दोन माणसं रुमालाखाली हात धरून काय करतात?

भाव ठरवतात. उपरणं किंवा रुमाल हातांवर टाकून बोटांच्या खुणांनी आकडा सांगायचा ही बाजारातली जुनी रीत. आजूबाजूला उभ्या असलेल्या दहाजणांना भाव कळत नाही, त्यामुळे सौदा मोडला तरी मालाची किंमत पडत नाही. मध्ये हेडी किंवा दलाल असतो. हे लांबून बघावं. जवळ जाऊन "कितीला दिला?" असं विचारू नये, आणि सौदा चालू असताना जनावराची वाखाणणी किंवा खोड मोठ्याने बोलू नये. तुमच्या एका वाक्याने कोणाचे तरी पाच-दहा हजार इकडचे तिकडे होऊ शकतात. सौदा पटला की विसार, म्हणजे आगाऊ रक्कम देतात आणि पावती होते.

जनावरांना काही खायला घालावं का?

मालकाने स्वतःच्या हाताने दिलेली वैरण सोडून काहीही नाही. चपाती, भात, पाव, जिलेबी यांनी गाईबैलांच्या पोटातला समतोल बिघडतो. पिठूळ आणि गोड अन्न पोटात भराभर आंबतं, आम्ल वाढतं, जनावर चारा सोडतं. दिवसभरात पन्नासजणांनी एकेक घास दिला तर जनावर गंभीर आजारी पडू शकतं. शेजारच्या रानातलं हिरवं उपटूनही देऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्लाचं विष असतं, त्याने जनावर थोड्या वेळात दगावतं. प्लॅस्टिकची पिशवी हातातून उडू देऊ नका. तिला उसाचा किंवा भाजीचा वास लागला की गाय ती गिळते.

फोटो काढलेले चालतात का?

विचारून काढा. बहुतेक मालक हौसेने जनावराला उभं करून देतात. एखादा नाही म्हणाला तर आग्रह नको. नजर लागते असं तो मानत असेल, किंवा जनावर बुजत असेल. फ्लॅश बंद ठेवा. मुलाला बैलाच्या पाठीवर बसवून फोटो काढायचा हट्ट धरू नका. चांगला फोटो जनावराच्या खांद्याच्या उंचीवरून, बाजूने येतो.

अवजारांच्या दालनात काय जपावं?

सगळ्यांत मोठा धोका बैलाचा नसून इथे आहे, आणि पालकांना तो दिसत नाही. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक, पदर, झब्ब्याची बाही त्याला लागली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टी चालवून दाखवत असतील तर किमान पाच मीटर लांब उभे राहा, केस बांधा, पदर खोचा, लहान मुलाचा हात धरा. कडबाकुट्टीत बोटं जातात ती बहुतेकदा वैरण आत ढकलताना, आणि मुलांना नेमकं तेच करून बघायचं असतं. बंद यंत्राच्या पात्यालाही हात लावू देऊ नका, विजेचं बटण दुसऱ्याच कोणाच्या हातात असतं.

बंद ट्रॅक्टरवर बसायला हरकत नाही, पण चालक हजर असताना आणि किल्ली काढलेली असताना.

यंत्रांइतकंच बघण्यासारखं असतं ते लोहार आणि नालबंद. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. घोड्याचा खूर अखंड, म्हणून एका पायाला एकच नाल. पत्री मारताना बैलाला दोरीने आडवा पाडतात. लहान मुलं हे बघून घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा की खुराचं टोक आपल्या नखासारखंच असतं, खिळा नीट बसला तर दुखत नाही.

शर्यत बघायला मुलांना न्यावं का?

परवानगी असलेली शर्यत असेल तर, आणि उभं राहायची जागा नीट निवडलीत तर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा कायम राहिला. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांना मारहाण किंवा विजेचा झटका देणं बेकायदा आहे. असं काही दिसलं तर तिथून मुलांना घेऊन निघा आणि पोलिसांना कळवा.

पुणे जिल्ह्यात हिला बैलगाडा म्हणतात आणि ती घाटात, म्हणजे शर्यतीसाठी केलेल्या धावपट्टीवर होते. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. कुठेही असो, अपघात निशाणाच्या पुढे होतात. निशाण ओलांडलं म्हणून बैल थांबत नाहीत, पुढे शंभर-दीडशे मीटर सुसाट जातात, आणि तिथेच बघ्यांची गर्दी आत घुसलेली असते. धावपट्टीच्या मध्यावर, कठड्याच्या मागे, उंचवट्यावर जागा घ्या. कठडा नसेल तर मुलांना घेऊन तिथे थांबू नका.

आकाशपाळणा सुरक्षित असतो का?

बसण्याआधी एक पूर्ण फेरी खालून बघा. पेटीला अडसर आहे का, तो आपोआप निघत नाही ना, पाये लाकडी ठोकळ्यांवर डुगडुगत नाहीत ना, आणि चालवणारा माणूस जागेवर आहे का. मोकळे लांब केस आणि ओढणी घट्ट बांधल्याशिवाय कोणालाही बसू देऊ नका, चाकात केस अडकून जीवघेणे अपघात झाले आहेत. शंका आली तर बसू नका. मुलं थोडा वेळ रडतील.

काय विकत घ्यावं?

*बियाणं.* कंपनीच्या पाकिटावर तपासणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी बघा. वैधता तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने असते. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी, पायाभूतची पांढरी. बिल घ्या, बिल नसेल तर पुढे तक्रार करता येत नाही. देशी वाणांचं बियाणं शेतकरी किंवा बचत गटाच्या महिला विकतात. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं ब्रँडचं नाव न लावता विकता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून या दुकानांपुढे शहरातले लोकही थांबतात. घरी आल्यावर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने कोंब मोजा. सत्तरच्या वर आले तर पेरायला हरकत नाही. मुलांसाठी हा उत्तम उद्योग आहे.

*कलमं.* आंब्याच्या कलमाचा जोड हाताने हलकेच हलवून बघा, तो हलता कामा नये. जोडाच्या खालून फुटवा आलेला असेल तर तो खालच्या खुंटाचा, वर बांधलेल्या वाणाचा नव्हे. पिशवी दाबून बघा, मातीचा गड्डा घट्ट हवा. पिशवीत लव्हाळा हे तण उगवलेलं असेल तर कलम कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. लव्हाळ्याच्या गाठी एकदा बागेत गेल्या की वर्षानुवर्षं निघत नाहीत. गाडीच्या टपावरून नेऊ नका, वाऱ्याने पानं करपतात. घरी आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग लावा.

*गूळ आणि काकवी.* पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरीचा असतो. रसायन न घातलेला गूळ तपकिरी आणि जरा मऊ असतो. चव घ्या, खारट लागला तर सोडा.

*खुरपं, विळा.* पात्यावर दुसऱ्या लोखंडाने टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर पातं अखंड, बद्द आवाज आला तर तडा किंवा कच्चं पाणी, म्हणजे पोलाद नीट कडक न झालेलं. मुठीतला दांडा हलत नाही ना ते बघा. घेतल्यावर पातं लगेच गोणपाटात गुंडाळा.

*घोंगडी.* खरी लोकर की कृत्रिम धागा, हे कळायला एक सुटा धागा मागून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धाग्याची टणक गोळी होते.

मुलं कोंबडीची रंगीत पिल्लं मागतात. घ्यावीत का?

घेऊ नका. ही पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात, उबवणुकीतून बाजूला काढलेले. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, ती पिशवीत किंवा खोक्यात मिळत नाही. बरीचशी दोन-चार दिवसांत मरतात आणि मुलं ते बघतात. कोंबड्या पाळायच्याच असतील तर खुराडं आधी तयार करा आणि दोन महिन्यांच्या, मानमोडीची लस दिलेल्या तलंगा, म्हणजे वाढत्या कोंबड्या, ओळखीच्या माणसाकडून आणा. शेळीचं पिल्लूही हौसेखातर गाडीच्या डिकीत घालून आणायचं नसतं.

खाण्यापिण्याचं काय?

समोर कढईत तळलेलं, गरम घ्या. भजी, जिलेबी चालेल. गोडी शेव, रेवड्या, बत्तासे सुके असतात म्हणून टिकतात, ते घरी न्यायला घ्या. मार्गशीर्ष-पौषात हुरडा मिळाला तर जरूर खा, पण ऊनऊन असतानाच, गार झाला की चामट होतो. उसाचा रस बर्फाशिवाय मागा. कापून उघडी ठेवलेली फळं आणि गाडीवरची पाण्यातली चटणी मुलांना देऊ नका. "धारोष्ण दूध प्या" असा आग्रह झाला तर हात जोडून नाही म्हणा. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. जेवणासाठी घरची भाकरी-चपाती बरोबर असली की निम्मी चिंता मिटते. खाण्याआधी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.

शौचालयाची सोय असते का?

असते, पण दुपारनंतर वापरण्यासारखी राहत नाही. महिलांची फार गैरसोय होते आणि म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते करू नका. येताना वाटेतल्या चांगल्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर थांबा, यात्रेत सकाळी लवकर एकदा जाऊन या, आणि दुपारी गावातल्या शाळेत किंवा बसस्थानकावर विचारा. गावातल्या घरी विनंती केली तर बायका सहसा नाही म्हणत नाहीत.

मूल हरवलं तर?

तळावर शिरतानाच पोलीस मदत केंद्र आणि ध्वनिक्षेपकाची जागा मुलांना दाखवा. मुलाच्या दंडावर पेनाने तुमचा मोबाइल क्रमांक लिहा आणि सकाळी निघतानाच त्याचा आजच्या कपड्यांतला फोटो काढा. "हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, किंवा मुलं बरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांग," एवढंच शिकवा. शोधताना एकाने शेवटच्या जागी थांबायचं, दुसऱ्याने पोलीस केंद्रावर जायचं. सगळे शोधायला निघाले की मूल परत येतं आणि तिथे कोणीच नसतं. ११२ वर पोलीस आणि १०९८ वर बालकांसाठीची मदत मिळते.

लाथ लागली, शिंग लागलं, कुत्रं चावलं तर?

पोटाला किंवा डोक्याला मार असेल तर वरून जखम दिसत नसली तरी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा, मोठ्या यात्रेत रुग्णवाहिका तळावरच उभी असते. शेणामातीत झालेली जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस सुरू करा.

आमच्या घरी गाई-म्हशी आहेत. यात्रेतून आजार येतो का?

येऊ शकतो. लाळ-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग बुटांवरून, कपड्यांवरून, गाडीच्या चाकांवरून घरी येतो. लंपी हा जनावरांचा त्वचारोग मुख्यतः माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. लंपीमुळे २०२२ च्या सप्टेंबरात राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. माणसाला लंपी होत नाही, पण गोठ्याचं नुकसान मोठं होतं. म्हणून घरी आल्यावर थेट गोठ्यात जाऊ नका. बूट घासून धुवा, कपडे बदला, अंघोळ करा, गाडीची चाकं धुवा. धार काढणाऱ्या माणसाने तर हे चुकवूच नये.

जनावर विकत आणलं असेल तर कानातला बारा अंकी बिल्ला पावतीशी ताडून बघा, लसीकरण विचारा, आणि किमान २१ दिवस ते घरच्या जनावरांपासून वेगळं बांधा. त्याची गव्हाण, पाण्याची बादली, दावं सगळं वेगळं. त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा, म्हणजे त्याच्याकडून आजार इतरांकडे जाणार नाही. ताप, नाकातून स्राव, अंगावर गाठी किंवा तोंडाला फेस दिसला तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागा.